धुंगार दिलेली व्हिस्की

चहाचा काढा व्हिस्की म्हणून ट्रेमध्ये मांडायची पाळी माझ्यावर येईल, असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी देवीदास. दुर्ग-नागपूर लाइनवर मालगाडीचा गार्ड म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन भिलाईत हुडको कॉलनीत स्थायिक झालो. खोटं बोलता येत नाही असं नाही, पण बोललेलं खोटं मला पचत नाही, दोन दिवस करपट ढेकर येतात. तरी त्या रविवारी मी बोललो. तेही अरुणकुमारशी, ज्याच्याशी मी आयुष्यभर फक्त भांडत आलो.

आधी आमच्या क्लबाबद्दल सांगतो. नाव मोठं, माणसं चार. अरुणकुमार पोलादाच्या प्लँटमधल्या कोक ओव्हन विभागातून, म्हणजे भट्टीसाठी दगडी कोळसा भाजून कोक करतात तिथून, मोठा साहेब होऊन निवृत्त झाला, माझ्या मागच्याच गल्लीत राहतो. धनंजयचं हथखोजला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तो बोलतोही वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्यासारखं. चौथा प्रितम, चाळिशीतला, बँकेत आहे. त्याचं व्हिस्कीचं सगळं ज्ञान मोबाइलवरून आलेलं. पेल्यात नाक खुपसून तो 'व्हॅनिला' म्हणतो आणि आम्ही तिघं त्याला हसतो. महिन्यातून एका संध्याकाळी कोणाच्या तरी घरी बसायचं, चांगली व्हिस्की थोडी थोडी चाखायची आणि तिच्यावरून वाद घालायचा, एवढाच कार्यक्रम. माझी बायको वच्छला याला भजनी मंडळ म्हणते. पण भजनी मंडळात निदान सूर जुळतो. आमचं आजवर एकाही बाटलीवर एकमत झालेलं नाही.

आमची एक पद्धत आहे. दर वेळी एकजण 'गार्ड' होतो. हा शब्द माझ्या नोकरीवरून पडला. गार्डानं स्वयंपाकघरात जाऊन बाटली उघडायची, पेले भरायचे आणि ट्रे बाहेर आणायचा. कोणती बाटली कोणत्या फेरीला हे त्याच्याशिवाय कोणाला कळता कामा नये. मग प्रत्येकानं वास घ्यायचा, घोट घ्यायचा, काय वाटलं ते सांगायचं. ज्याचं घर तो सगळ्यांत शेवटी बोलतो. त्यानंतर भांडण, आणि भांडण संपलं की गार्ड बाटली दाखवतो.

वर्षातून एकदा, थंडीत, धुराच्या व्हिस्कीची संध्याकाळ असते. स्कॉटलंडच्या बेटांवर दलदलीतली कुजलेली माती वाळवून जाळतात, तिला पीट म्हणतात. त्या धुरावर जव सुकवतात, म्हणून ती व्हिस्की धुरकट लागते. धनंजय तिला डांबर म्हणतो. मला तिच्यात दवाखान्याची नुकती पुसलेली फरशी आठवते. अरुणकुमार मात्र डोळे मिटून बसतो. "ड्यूटीवर गेल्यासारखं वाटते बे," तो म्हणतो. "पीट म्हणजे काय? कच्चा कोळसा. अजून काही कोटी वर्षं थांबले असते तर त्यायलेही कोकिंग कोल भेटला असता. पण धीर नाही ना लोकायले!" ही संध्याकाळ त्याची. दिवाळी चुकवेल, पण ही चुकवायचा नाही.

या वर्षी पावसाळ्यानंतर त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे, अन्नावर वासना नाही, शर्ट खांद्यावरून उतरायला लागले. रायपूरला दाखवलं, औषधं सुरू झाली, पिवळेपणा थोडा उतरला. आम्ही म्हटलं, चला, सुटला.

मग एके सकाळी रुआबांध्याच्या भाजीबाजारात रत्नमाला वहिनी भेटल्या, अरुणकुमारची बायको. वांगी घेत होत्या. मी चेष्टेत म्हणालो, "काय वहिनी, साहेबायले भरीत खायची परवानगी भेटली वाटते?" त्यांनी वांगं दाबून पाहिलं, परत ठेवलं, दुसरं उचललं.

"भाऊजी, ती कावीळ नाही हाय," त्या म्हणाल्या. "लिव्हरमध्ये गाठ हाय. डॉक्टरनं प्राचीले अन् मले आत बोलावून सांगतलं. ऑपरेशनची वेळ निघून गेली म्हणे."

प्राची त्यांची मुलगी, बंगळुरूला असते. भाजीवाली बाई वहिनींची पिशवी उघडून धरून उभी होती आणि वहिनी निवडलेली वांगी पुन्हा तिच्याच टोपलीत टाकत होत्या.

"अरुणले माहीत हाय?"

"नाही. त्यायले सांगू नका म्हणे प्राची, ते हाय खातील. मुंबईले नंबर लावला हाय. तिथं एक औषध देऊन पाहतील. पण तोवर लिव्हर टिकलं पाहिजे. दारूचा एक थेंब गेला तर आम्ही हातही लावणार नाही, असं साफ सांगतलं."

मला या प्रकाराची मनापासून चीड आहे. आपल्याकडे ज्याला रोग होतो त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगतात. व्याह्यांना कळतं, गल्लीला कळतं, भाजीवालीला कळतं, आणि तो बापडा कॅलेंडरवर पुढच्या सहलीची तारीख बघत बसतो. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण वहिनींकडे पाहिलं आणि गिळून टाकलं. त्या बाईचं वजन अरुणकुमारपेक्षा जास्त उतरलं होतं, आणि ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"अन् आता ते म्हणून राहिले, पीटवाली संध्याकाळ आपल्याच घरी करू," वहिनी म्हणाल्या. "मी नाही म्हणली. तर माह्याकडं असं पाहिलं भाऊजी! म्हणाले, कावीळ तर उतरली, मग एक घोट कावून नाही? का दुसरं काही हाय, जे तू मले सांगून नाही राहिली? मी म्हणली, घ्या ना, एका घोटानं काय होते."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. हो म्हटलं तर मुंबईचं दार बंद, नाही म्हटलं तर त्याला सगळं कळणार.

"तुमी गार्ड व्हा," त्या म्हणाल्या. "सगळ्यायले खरी द्या. त्यायले मी बनवते ते द्या."

"वहिनी, त्याचं नाक तुमाले माहीत नाही का?"

"माहीत हाय. म्हणूनच म्हणते. साधी व्हिस्की असती तर जमलं नसतं. धुराची हाय, म्हणून जमंल. धूर तर मले देता येते ना?"

धुंगार द्यायची कला त्यांच्याकडून शिकावी. लाल निखारा वाटीत ठेवायचा, वर तूप सोडायचं, धूर उसळला की वाटी भरतात नाहीतर वरणात ठेवून भांडं झाकायचं. त्यांच्या घरचं भरीत खाल्लेला माणूस दुसऱ्या घरी भरताला हात लावत नाही. ही बाई आता चहाला धुंगार देऊन स्कॉटलंड बनवायला निघाली होती. त्या क्षणी मला हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली.

धनंजयला आणि प्रितमला मी सांगितलं. धनंजय म्हणाला, "भौ, मले नाटक नाही जमत." मी म्हणालो, "कोणाले जमते? तू फक्त तुह्या पेल्यातलं खरं सांग, बाकी मी पाहतो." प्रितमच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "अंकल, सर को बता देना चाहिए ना?" तेच माझंही मत होतं, पण मी त्यालाच झापलं. रागावायला कोणीतरी लागतंच.

शनिवारी वहिनी एक बाटली घेऊन माझ्याकडे आल्या. काळा चहा, सुंठ, मिरी, लवंग आणि किंचित मीठ, कारण बेटावरच्या व्हिस्कीला समुद्राची चव असते असं प्रितमनं त्यांना फोनवर शिकवलं होतं. धुंगाराच्या तुपाचा तवंग येऊ नये म्हणून फ्रिजमध्ये गोठवून, फडक्यातून गाळून घेतलं होतं. रंग असा हुबेहूब की कोणीही फसावं. मी घोट घेतला. घसा जळला, पण चव पडशाच्या काढ्याची.

"वहिनी, धूर कुठाय?"

"वरून लागत नाही हो. पातळ हाय ना, धूर धरत नाही," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "उद्या करते काहीतरी."

रविवारी दुपारी त्यांनी दुसरी बाटली दिली. झाकण काढताच नाकात धूर गेला. कडक, करपट, चांगला रेंगाळणारा. मी म्हणालो, "आता जमलं." कसं जमवलं ते विचारलं नाही.

संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा अरुणकुमार इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर घालून, गुळगुळीत दाढी करून बसला होता. पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं. टेबलावर शेंगदाणे, चिवडा, पाण्याचा जग. "या बे," तो म्हणाला, "किती दिवसांनी माणसात आलो. घरात नुसतं मुगाचं वरण अन् गोळ्या." तो इतका खुशीत होता की मला त्याच्याकडे सरळ पाहवेना.

"देवीदास गार्ड," त्यानंच जाहीर केलं. आम्हाला सुचवायचीही गरज पडली नाही.

स्वयंपाकघरात वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. प्राचीनं विमानतळावरून आणून दिलेली बाटली मी उघडली. तिच्यावरचं नाव वाचायचा प्रयत्न आम्ही केव्हाच सोडून दिला होता. तीन पेल्यांत ती ओतली, चौथ्यात काढा. चौथा माझ्या अंगठ्याजवळ ठेवला. ट्रे फिरवताना तीच बाजू अरुणकुमारकडे वळवायची होती.

ट्रे फिरला. चौघांनी पेले उचलले. वहिनी दाराच्या पडद्यामागे होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता.

धनंजय आधी बोलला. "डांबर. दर वर्षीसारखंच डांबर. रस्ता बनवाले घ्या."

प्रितम म्हणाला, "मुझे तो समंदर आ रहा है. आयोडीन, थोडा लिंबू."

मी म्हणालो, "दवाखाना." माझ्या पेल्यात खरंच दवाखाना होता.

अरुणकुमारनं अजून घोट घेतला नव्हता. तो वास घेत होता. पेला नाकाशी धरला, बाजूला नेला, परत आणला. मग छोटा घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला. कपाळावर आठी आली. त्याच्या नाकाबद्दल प्लँटमध्ये किस्से होते. ओव्हनच्या रांगेतून चालत जाताना कोणत्या दारातून गॅस सुटतोय हे तो वासावरून सांगायचा म्हणतात. आम्ही ते किस्से थापा समजायचो.

"गंमत हाय," तो म्हणाला. "हा पीट नाही. हा कोक हाय."

त्यानं पेला परत नाकाशी नेला.

"अन् नुसता कोकही नाही. क्वेंचिंगचा वास हाय हा. लालबुंद कोकवर पाणी पडते ना, तेव्हा जी वाफ उठते, गंधकाची, तो वास. मी तीस-पस्तीस वर्षं तो खाल्ला हाय. स्कॉटलंडमध्ये हा कुठून आला बे?"

माझी पाचावर धारण बसली. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. नंतर वहिनींकडून कळलं. वरून धूर लागेना म्हणून त्यांनी अंगणातल्या सिगडीच्या पोत्यातला कोकचा तुकडा लाल केला आणि सरळ चहातच टाकला. छन्न झालं, वाफ उठली, आणि त्यांना वाटलं, लागला एकदाचा धूर. दुसऱ्या गावातल्या बाईनं लाकडी कोळसा घेतला असता. पण भिलाईतल्या जुन्या घरात कोळसा म्हटलं की मागच्या अंगणातलं कोकचं पोतंच आठवतं. ज्या नवऱ्यानं जन्मभर लाल कोकवर पाणी पडताना पाहिलं, त्याच्यासाठी वहिनींनी पातेल्यात तेच केलं होतं.

तरी इथपर्यंत निभावलं असतं. मी म्हणणार होतो, तुझं नाक आजारानं बिघडलंय, पिकलं पान आहेस, गप घोट घे. तो चिडला असता, मी चिडलो असतो, आणि आमची नेहमीची गाडी रुळावर आली असती. पण माझ्या आधी धनंजय बोलला.

"हो हो, कोकच," तो घाईघाईनं म्हणाला. "मी डांबर म्हणलो, पण आता तुमी म्हणता तर कोकच हाय. एकदम कोक."

"जी सर," प्रितम म्हणाला, "मुझे भी अब कोक ही आ रहा है."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. आणि मीही, का ते मला अजून समजत नाही, मान हलवून म्हणालो, "कोक हाय."

आयुष्यात पहिल्यांदा आमच्या क्लबात एकमत झालं होतं.

अरुणकुमारनं आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. धनंजय शेंगदाणे चाचपत होता. प्रितम मोबाइल उलटसुलट करत होता. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते आमच्या तिघांच्या तोंडावर पसरलं होतं.

"देवीदास, तुहा पेला दे," तो म्हणाला.

"कावून?"

"दे म्हणतो ना."

मी दिला. नाही कसा देणार? मला वाटलं, आता हा पिणार. हात पुढे करून हिसकावून घ्यावा असं वाटलं आणि हात हलेना. पण तो प्यायला नाही. त्यानं डोळे मिटून फक्त वास घेतला, एकदाच, पण खूप लांब. दर वर्षी ज्याची तो वाट बघायचा तो वास माझ्या पेल्यात होता आणि त्याच्या पेल्यात नव्हता. डोळे उघडले तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. ते मला कळलं. आमच्यासारखी तीन भांडकुदळ माणसं त्याला हो ला हो करताहेत, बायको पडद्यामागे श्वास धरून उभी आहे, आणि त्याच्या एकट्याच्या पेल्यात चहा आहे. कावीळ झालेल्या माणसासाठी कोणी एवढं करत नाही.

त्यानं माझा पेला माझ्यासमोर ठेवला, अगदी हळू, एक थेंब न सांडता.

"हां," तो म्हणाला. "सारखंच हाय."

आणि स्वतःचा पेला उचलून त्यानं तो काढा तळापर्यंत पिऊन टाकला.

"झकास," तो मोठ्यानं म्हणाला, पडद्याकडे तोंड करून. "रत्ना, तुह्या पोरीनं माल चांगला आणला हाय! गार्डसाहेब, पुढची गाडी सोडा."

मी ट्रे घेऊन आत गेलो. वहिनींनी माझा दंड धरला. "ओळखलं का हो त्यायनं? कोक म्हणाले ना?" मी म्हणालो, "वासावरून गंमत करून राहिला तो. नाही ओळखलं. पूर्ण पिला." त्यांनी पदर तोंडाला लावला. मला स्वतःचा इतका राग आला की पेले विसळताना एक नळावर आपटला. पण दुसरं काय सांगणार होतो? तुमच्या नवऱ्याला कळलंय की तो मरायला टेकलाय, आणि ते त्याला तुमच्या चहानं सांगितलंय, असं?

दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. त्याच्या पेल्यात दर वेळी तोच काढा. दर वेळी त्यानं वेगळं वर्णन केलं, आमच्याशी वाद घातला, प्रितमला व्हॅनिलावरून चिडवलं, धनंजयला म्हणाला की तुझं नाक वेल्डिंगनं जळालंय. हसायला तोच सुरुवात करायचा, आणि आम्ही त्याच्यामागून हसायचो. मी एवढ्या वर्षांत त्याला इतकं चांगलं खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. एकदा त्याला खोकला आला तेव्हा वहिनी धावत आल्या. त्यानं त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. म्हणाला, "बस ना थोडी. आज तुले काही काम नाही." त्या बसल्या. त्यांना वाटत होतं, आपण जिंकलो.

निघताना धनंजय आणि प्रितम भराभर गाड्यांकडे गेले, पळाल्यासारखे. अरुणकुमार मला सोडायला फाटकापर्यंत आला. दहा पावलं चालूनही त्याला दम लागला होता, फाटक धरून उभा राहिला.

"गाठ हाय ना?" त्यानं विचारलं.

मी फाटकाची कडी उघडझाक करत राहिलो. बोललो असतो तर रडलो असतो.

"राहू दे. शपथ घातली असंल तिनं." तो थोडं थांबला. "कुठवर गेलं ते तरी?"

"मुंबईले नंबर लागला हाय," मी म्हणालो. "तिथं औषध हाय म्हणते. म्हणूनच तर हे सगळं. तू आज खरी पिला नाही, बरं केलं."

"हूं." त्याला मुंबईत फार रस दिसला नाही. "तिले सांगू नको बे, मले समजलं म्हणून."

"अरुण, हे बरोबर नाही. तू तिले सांग. दोघं बसा, बोला, रडा. मी सांगू का?"

"नाही," तो म्हणाला, आणि साहेब असतानाचा आवाज लागला. मग खाली आला. "पाहिलं ना, केवढी मेहनत केली तिनं. चहात कोक विझवला बाईनं! तिले वाटते, मले माहीत नाही, तोवर मी सुखात हाय. तेवढं एकच तिच्या हातात उरलं हाय. तेही काढून घेऊ का?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, प्राचीवर, डॉक्टरवर, कोणावरही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर स्वेटरखाली नुसती हाडं लागली. म्हणालो, "थंडी हाय, आत जा." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा होता.

"भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू! काही कळलं नाही हो त्यायले. उलट खुश होते. घरात आल्यावर म्हणाले, पुढच्या रविवारी पुन्हा ठेव, उरली हाय ना ती. धूर अजून थोडा जास्त असता तर चाललं असतं म्हणे."

"हो का," मी म्हणालो.

"अन् झोपले बी शांत. कितीक दिवसांनी! मी उशाशी बसूनच होती. एकदाबी कूस बदलली नाही का आवाज नाही. अगदी लहान पोरासारखे पडून होते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "घोरला नाही?"

अरुणकुमार झोपला की घोरतो. आमच्या गल्लीत ऐकू येतं. एकदा आम्ही दोघं नागपूरला निघालो होतो तेव्हा डब्यातल्या माणसांनी त्याला हलवून उठवलं होतं. त्याचा आवाज आला नाही म्हणजे तो जागा होता, रात्रभर, डोळे मिटून. हे मला कळतं, तर ज्या बाईनं उभं आयुष्य त्या घोरण्याशेजारी काढलं, तिला कळत नसेल?

"नाही," बऱ्याच वेळानं वहिनी म्हणाल्या. "घोरले नाहीत."

मी वाट पाहिली. त्या पुढे काही बोलतील असं वाटलं, आणि बोलू नयेत असंही वाटलं. मागे त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. अरुणकुमारनं खोलीतून काहीतरी विचारलं, आणि त्यांनी फोन बाजूला धरून हसऱ्या आवाजात "आली, आली" म्हटलं.

मग फोन परत तोंडाशी आला.

"रविवारी याल ना भाऊजी?"

"येतो," मी म्हणालो.